दोन अर्जांचा एक आश्रुबा

"अपंगाला सरकारचं कोणतं खातं काय देतं, ते कलेक्टरालाबी ठाऊक नसंल एवढं मला ठाऊक हाय!" व्यंकटराव पारावर बसून छातीठोक सांगायचे. तलाठ्याच्या ओट्यावर त्यांनी वीस वर्षं फुकट बैठक मारली होती. त्यामुळं सगळे कायदे बसल्या जागी आपल्या अंगात मुरलेत, अशी त्यांची पक्की समजूत!

अपंग काही लांबचा नव्हता, घरातच होता. धाकट्या बहिणीचे, धुरपताबाईचे मालक, आश्रुबा. पूर्णेला आडतीच्या गोदामात हमाल होते. दोन वर्षांमागं पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. आडत्यानं हात वर केले. तेव्हापासून नवरा-बायको व्यंकटरावांच्या घरी. सासुरवाडीचा तुकडा आश्रुबाच्या घशाखाली उतरत नव्हता.

"मला काम पायजे, व्यंकटराव," एवढंच ते म्हणायचे.

"कामबी मिळंल हो! आधी समजून घ्या, दाजी. फायदे दोन जातीचे. एक निराधाराची मदत. ज्याला कसलंच काम होत न्हाई, त्याला घरबसल्या. दुसरी राखीव नोकरी. पाय नसून जो हलकं काम करतो, त्याला. परभणीच्या कचेरीत शिपायाची जागा निघालीय."

"मग दुसरीचा अर्ज भरा की."

"दोन्हीचे भरू! आपण वावरात निस्ती जवारी पेरतो का? मधी तुरीचं तास टाकतोच ना? एक बुडालं तर दुसरं हाती लागतं!"

व्यंकटराव लगेच लिहायला बसले. एका अर्जात लिहिलं, 'कसलेही काम होत नाही.' दुसऱ्यात लिहिलं, 'सर्व हलकी कामे होतात.' दोन्हीखाली आश्रुबाचा तोच अंगठा.

महिन्याभरानं कार्ड आलं, 'आपल्या अर्जाच्या चौकशीस अधिकारी गुरुवारी येतील.' कोणत्या अर्जाच्या? ते लिहायला सरकारला सवड कुठं!

"नोकरीचाच!" व्यंकटराव गरजले. "फुकट मदत द्यायला सरकार कामून उठून येईल? दाजी, दाखवा आपली ताकद!"

गुरुवारी साहेब आले. आश्रुबांनी कुबडी बगलेत धरून आडाचं पाणी शेंदलं. लाकडं फोडली. शेवटी जवारीचं अर्धं पोतं पाठीवर घेऊन अंगणाला फेरी मारली. साहेब बघतच राहिले.

"शाबास!" साहेब वहीत लिहीत म्हणाले. "आणि हा गडी निराधाराची मदत मागतो?"

व्यंकटरावांच्या तोंडचं पाणीच पळालं. साहेबांची जीप नजरेआड झाली तसा त्यांचा संताप उफाळला. "कार्डावर एक ओळ जास्त लिहिली असती तर सरकारची शाई आटली असती का?"

चार दिवसांनी दुसरं कार्ड. 'सोमवारी कचेरीत समक्ष हजर राहावे.'

"फेरचौकशी!" व्यंकटरावांनी मांडीवर थाप मारली. "साहेबाला संशय आलाय. दाजी, आता बाजेवरून उठायचं न्हाई. निस्तं कण्हायचं!"

धुरपताबाई म्हणाली, "दादा, कशाचं बलावणं हाय ते कुणाला इचारून तरी घ्या!"

"म्या असताना इचारायचं?"

झालं! बैलगाडीत बाज, बाजेवर आश्रुबा, अंगावर गोधडी. परभणीच्या बाजारात गाडी शिरेना, तेव्हा चौघांनी बाज खांद्यावर घेतली. लोक बाजूला होऊन हात जोडायला लागले. एका फुलवाल्यानं तर मूठभर झेंडूही टाकला! गोधडीखाली आश्रुबा घामानं निथळत दात-ओठ खात होते.

कचेरीत साहेब दुसरेच होते. बन्सीधर कारकुनानं पुकारा केला, "शिपायाच्या जागेचे उमेदवार, आश्रुबा!" आणि दारातून बाज आत आली!

बन्सीधर फायलीत बघायचा, बाजेकडं बघायचा. "साहेब, गुरुवारच्या रिपोर्टात यानं पोतं उचललंय. आज याला उठता येईना. एकाच नावाची दोन माणसं हायेत! एक खरा, एक तोतया!"

"फौजदाराला बोलवा," साहेब म्हणाले.

गोधडी भिरकावून आश्रुबा उठून बसले.

"बोलवा! माझ्या दोन्ही कागदांवर एकच अंगठा हाय, ताडून बगा! पाय गेला, हे खरं. हात शाबूत हायेत, हेबी खरं. तुमच्या एका कागदाला माणूस मेल्यावानी पायजे, दुसऱ्याला पैलवान पायजे. माझ्यासारख्याला हाय का एखादा कागद? मला फुकटची मदत नको. दोन वर्षं सासुरवाडीला बसून खायलोय, साहेब. भाकर तोंडाजवळ नेताना लाज वाटती. काम द्या. न्हाई जमलं तर हाकला!"

साहेबांचा आवाज उतरला. "मग हे पहिल्यांदाच का नाही लिहिलंत?"

"मला कुणी इचारलंच न्हाई! लिवणार दुसरा, निजवणार दुसरा. म्या निस्ता अंगठा!"

साहेबांनी मदतीचा अर्ज मागं घ्यायला लावला आणि एक फाईल पुढं केली. "ही शेवटच्या खोलीत देऊन या."

आश्रुबांनी बाजेवरची कुबडी ओढली, फाईल काखेत मारली आणि व्हरांड्यातून टक टक करत गेले. सहीची पोच घेऊन परतही आले. बन्सीधरचा चहा अजून गरमच होता.

"पुढच्या सोमवारपासून कामावर या," साहेब म्हणाले. आश्रुबांनी मान हलवली आणि फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

मग साहेबांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं व्यंकटराव भिंतीला चिकटून उभे होते. "आणि तुम्ही कोण?"

अपंगाच्या साऱ्या फायद्यांचे जाणकार व्यंकटराव! त्यांनी एकदा दाजींकडं बघून घेतलं, एकदा दाराकडं बघितलं.

"मी होय? मी... बाज न्यायला आलोय, साहेब!"