रिकामा काटा

बॅगेचं वजन घरीच करून निघायचं, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाचं काय बिघडायचं होतं, तुम्हीच सांगा. आमचा पहिलाच परदेश प्रवास. विमान कंपनी बॅगेला वजनाची मर्यादा घालून देते आणि मी पडलो वजनमापं खात्यातला निरीक्षक. माझीच बॅग जास्त भरली असती तर खात्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

कुठल्याही दुकानात शिरलो की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी रिकामा काटा दाखवा." नमस्कार नंतर. (काही दुकानदार तो करतही नाहीत.) रिकाम्या काट्याची सुई शून्यावर नसेल तर पुढचं सगळं मापात पाप. घरीसुद्धा जेवताना मी हे इतक्यांदा सांगितलंय की मुलगी माझ्यासोबत ओठ हलवते.

प्रवासाचा हट्ट बायकोचा. बर्फात उभं राहून एक फोटो काढायचा, ही तिची लहानपणापासूनची इच्छा. आमच्याकडे बर्फ फक्त फ्रीजमध्ये, आणि आमच्या फ्रीजमध्ये तोही धड होत नाही. त्या फोटोसाठी तिने गुडघ्यापर्यंत येणारा लाल लोकरीचा कोट घेतला होता. भर उन्हाळ्यात तो घालून रोज आरशासमोर उभी राहायची.

तर मी आमचा पायाने चढायचा काटा बाहेर काढला. हा काटा घरात आला माझ्यामुळेच. वजन उतरवा, असं डॉक्टरांनी वर्षापूर्वी बजावलं. तेव्हापासून मी बिनसाखरेचा चहा पितोय, ताटावरून अर्धपोटी उठतोय, पण सुई जागची हलायला तयार नाही. पँटी मात्र ढगळ होऊ लागल्या. मी शिंप्याकडे जाऊन रीतसर भांडलो. असलं सैल पडणारं कापड माणूस गिऱ्हाइकाला देतोच कसा?

बॅग काट्यावर ठेवली आणि जमिनीला गाल टेकवून आकडा वाचला. वजन जास्त. बायकोचे बूट काढले, तरी जास्त. केस वाळवायचं यंत्र काढलं, उशी काढली, तरीही जास्त.

"तुमची दाढीची पेटी काढा," बायको म्हणाली.

"ती आवश्यक आहे."

"आणि छत्री?"

"तीही." मी कोटाला हात घातला.

तिचा चेहरा पडला. "अहो, कोट राहू दे. मी अंगात घालून येते हवं तर."

"माल अंगावर चढवून वजन चुकवायचं? निरीक्षकाच्या बायकोने?"

"माल कसला, कोट आहे माझा."

"तत्त्व म्हणजे तत्त्व."

तिने कोटाची घडी घातली, कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार जरा जोरातच लावलं.

विमानतळावर मुलगी आम्हाला सोडायला आली होती. काउंटरवरच्या तरुणाने बॅग पट्ट्यावर घेतली, आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, अजून बरंच सामान बसलं असतं की."

माझं डोकंच फिरलं. सरकारी माणसासमोर खोटा काटा? मी माझं ओळखपत्र काढून त्याच्यासमोर धरलं. "आधी रिकामा काटा दाखवा."

मागची रांग पुढे वाकून बघू लागली. त्याने निमूटपणे बॅग उचलली. आकडा शून्य. परत ठेवली, तोच हलका आकडा. त्याने शेजारच्या काट्यावरही ठेवून दाखवली. तोच.

"मग आमच्या घरचा काटा..." मी म्हणालो आणि बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"मी काट्याचं शून्य जुळवायचं चाक जरासंच फिरवत होते," ती पुटपुटली. "तुम्ही थोडे उतरलात की लगेच ताव मारायला बसाल म्हणून."

"आई, तूपण?" मुलगी म्हणाली. "मीही जरासंच फिरवत होते."

माझ्या घरात! माझ्या नाकाखाली! वर्षभर! शिंप्याची आठवण येऊन मला कानकोंडं झालं. मी दोघींना कायद्याचं कलम ऐकवायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "दुनियेला रिकामा काटा दाखवायला लावता. आपल्या घरचा एकदा तरी बघितलात? दिव्याखाली अंधार." मग हळूच म्हणाली, "कोट तेवढा राहिला हो माझा."

यावर कलम नव्हतं. मी अंगातलं जाड जाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं.

तिकडे बर्फ भरपूर होता. तिने माझं जाकीट घातलं, बाह्या दुमडल्या, हसत उभी राहिली. फोटो मी काढला, स्वेटरवर, कुडकुडत. त्या फोटोत बायका तीन दिसतात, आणि तिघींपैकी एकीचाही चेहरा ओळखू येत नाही. बायकोने तो मोठा करून घेतला आणि बरोबर काट्याच्या वर टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "हा फोटो ह्यांनी काढलाय."

वर्षभराचा अन्याय भरून काढायला मी त्या प्रवासात चारी ठाव जेवलो. आल्यावरही जेवतोय. आणि आता मी फसत नाही. रोज सकाळी चढण्यापूर्वी वाकून रिकामा काटा बघतो. सुई अगदी शून्यावर असते. दुःख तेच आहे.