पोर्थकेरिकचे रोजचे शौर्यदिन

पोर्थकेरिक बंदरातल्या मरीन तुकडीला वरून आदेश आला, की दलाच्या इतिहासात त्या त्या तारखेला घडलेल्या घटनेचा स्मरणसोहळा दररोज सकाळी धक्क्यावर, गणवेशात आणि बँडसह साजरा व्हावा. एकही तारीख रिकामी राहता कामा नये. राहिल्यास संबंधित अधिकाऱ्याने खुलासा करावा.

कर्नल कार्लियन यांनी हे काम कॅप्टन टॅम्सिन रोझवॉर्न या बाईंकडे सोपवलं. शत्रूंच्या कृपेने जानेवारी सुरळीत पार पडला. फेब्रुवारीत एक तारीख अडली.

“साहेब, या दिवशी काहीच घडलेलं नाही.”

“इतक्या शतकांत? मग आपली माणसं करत काय होती?”

“जेवली असतील. झोपली असतील.”

“म्हणजे शांतता होती? हे चारचौघांत सांगायचं? उद्या दलच बंद करतील, बाई! नीट शोधा.”

कॅप्टनबाईंनी नीट शोधलं. दोनशे वर्षांपूर्वी एक तुकडी धुक्यात भलत्याच बेटावर उतरली होती आणि तिथे शत्रू नसल्यामुळे तिने शेळ्या पकडल्या होत्या. कर्नलसाहेबांचे डोळे पाणावले. तो दिवस ‘पशुधन-मुक्ती मोहीम’ म्हणून साजरा झाला. मुक्त झालेल्या शेळ्या त्याच संध्याकाळी शिजल्या, हा तपशील निवेदनातून वगळण्यात आला.

मार्चमध्ये उलटंच झालं. एकेका तारखेला सकाळी विजय आणि दुपारी पराभव निघू लागला. निशाण वर चढवायचं, अर्ध्यावर आणायचं, पुन्हा चढवायचं. सार्जंट जोरी नॅन्सचे खांदे भरून आले. एरवी तो जवानांना पोहायला शिकवत असे.

“साहेब, पोरांनी कित्येक दिवसांत पाण्याला पाय लावलेला नाही. सराव कधी घ्यायचा?”

“सरावाचं स्मारक कुठे पाहिलंयस का, नॅन्स?”

तरी साहेबांनी दयाळूपणे सराव रविवारवर ढकलला. रविवारी दोन वेढे निघाले.

एप्रिलमध्ये ‘सागरी बचाव स्मृतिदिन’ उजाडला. पूर्वी कधीतरी याच किनाऱ्यावर मरीन जवानांनी वादळात बुडणारे खलाशी वाचवले होते. बचावनौकेला ताजा रंग देऊन, फिती गुंडाळून ती धक्क्याला बांधली होती. अर्धं गाव जमलं होतं. बिगूल वाजला, दोन मिनिटांचं मौन सुरू झालं आणि नेमकी तेव्हाच डेन्झिल पास्को या खेकडेवाल्या कोळ्याची होडी बंदराच्या तोंडाशी खडकावर फुटली.

“धावा रे! बुडालो!”

रांगेतली एकही मान हलली नाही. शिस्त वाखाणण्यासारखी होती.

“साहेब,” नॅन्स ओठ न हलवता पुटपुटला, “माणूस बुडतोय.”

“मौन संपू दे.”

“मौन संपेपर्यंत तोही संपेल, साहेब!”

“नॅन्स, मौनात बोलतोस?”

नॅन्सने पुढे बोलणं टाळलं आणि समारंभी बुटांसकट उडी टाकली. बचावनौकेच्या फितींच्या गाठी सोडवायला वेळ नव्हता. सराव तुटलेला, नाकातोंडात पाणी गेलं. खडकाजवळ कोण कोणाला वाचवतंय हे काही काळ दोघांनाही कळेना. शेवटी एकमेकांना शिव्या घालत, एकमेकांची कॉलर धरून दोघे पायऱ्यांना लागले.

त्याच दुपारी चौकशी झाली. आरोप दोन: मौनभंग आणि शासकीय बुटांचं नुकसान.

“साहेब,” कॅप्टनबाई म्हणाल्या, “ज्या बचावाची आपण आठवण काढत होतो, तोच त्याने केला!”

“करायचा नव्हता, बाई. आठवायचा होता.”

नॅन्सची पदावनती झाली. मात्र त्याचं शौर्य दलाच्या इतिहासात नोंदवण्यात आलं आणि पुढच्या वर्षीपासून त्या तारखेला मौनाची आणखी दोन मिनिटं वाढवण्यात आली.

हे ऐकून त्या संध्याकाळी गुत्त्यात गाव पोट धरधरून हसलं. लष्कराच्या अकलेवर नाना विनोद झाले. शेकोटीशी घोंगडी पांघरून बसलेला डेन्झिल तेवढा हसला नाही.

“त्यांना हुकूम होता,” तो म्हणाला. “तुम्हाला कोणी अडवलं होतं रे? धक्क्यावर तर तुम्हीपण होतात.”

“अरे बाबा, रागावतोस काय?” पाववाली लव्हडे म्हणाली. “आम्हाला वाटलं, तू कार्यक्रमातलाच आहेस. व्हिडिओ इतका सुंदर आलाय, पाठवू तुला?”