हवालदाराचं पाणी

हवालदाराने सकाळचाही रातकिडा नाकारला. नुसता नाकारला नाही, रातकिडा त्याच्या नाकावरून चालत पलीकडे गेला तरी त्याने पापणी हलवली नाही. आजोबा काचेच्या पेटीसमोर स्टूल टाकून बसले होते.

हवालदार म्हणजे नातीचा बेडूक. हिरवा, जाडा, आणि तोंडावर सतत कुणाचीतरी लाच नाकारल्याचा भाव. ती आईबरोबर काही दिवसांसाठी गावाला गेली, तेव्हा गाडीत बसता बसता तिने हुकूम सोडला होता, "पाणी आजी बदलेल. खायला आजी देईल. आजोबांनी फक्त लांबून बघायचं."

त्याला कारण होतं. आजोबांनी आख्खी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत काढली होती. परीक्षेसाठी बेडूक आणायचे, त्यांना गुंगीचं औषध द्यायचं आणि ट्रेमध्ये उताणे टाचून ठेवायचे, हे त्यांचं काम. ही गोष्ट घरात कुणी काढत नसे. पण हवालदार आला त्याच दिवशी आजोबा कौतुकाने त्याच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "याचं काळीज इथे असतं बघ. तीन कप्प्यांचं." नातीने विचारलं, "तुम्हाला काय माहीत?" आणि भल्या माणसाने सांगून टाकलं, "अगं, शेकडो उघडलेत मी!" तेव्हापासून ती त्यांच्या मांडीवर बसली नव्हती.

गाडी वळणाआड गेली आणि आजीने रातकिड्यांचा डबा आजोबांच्या हातात कोंबला. "हे वळवळणारं माझ्याच्याने व्हायचं नाही. तुम्हीच बघा." शिवाय नातीने हवालदारासाठी बादलीत साठवून ठेवलेलं नळाचं पाणी शिळं दिसलं म्हणून आजीने त्याच पाण्याने फरशी पुसून घेतली.

"शिळं कशाला, मी त्याला शुद्ध पाणी देतो," आजोबा म्हणाले. प्रयोगशाळेत शुद्ध म्हणजे एकच, डिस्टिल्ड वॉटर. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडून त्यांनी दोन कॅन आणले आणि पेटी चकचकीत करून हवालदाराला त्यात बसवलं. इतकं स्वच्छ पाणी आपण माणसांनाही कधी दिलं नाही, या विचाराने त्यांना फार बरं वाटलं होतं.

आता हवालदाराचं पोट टम्म फुगलं होतं. रंग उडून तो जुन्या साबणाच्या वडीसारखा दिसत होता. मागचे पाय फाकून पडले होते.

"गेला का हो?" आजीने दारातूनच विचारलं.

"नाही."

"नक्की? तुम्हाला कळतं ना?"

"मेलेला कळतो," आजोबा म्हणाले. "जिवंताला काय झालंय ते कळत नाही. आमच्याकडे आजारी बेडूक कधी नव्हताच. गप्प बसला की आम्ही त्याला शहाणा म्हणायचो."

"मग दुसरा आणा की तसाच. पोरीला काय समजतंय?"

"कुठून आणू? आमचा बेडूकवाला वारला."

एवढ्यात फोन वाजला. व्हिडिओवर नात होती. "हवालदार दाखव."

"झोपलाय गं," आजी म्हणाली.

"झोपलेला दाखव."

दाखवावाच लागला. नात बराच वेळ बघत राहिली. "तो जाडा झालाय."

"माझ्या हातचं खाऊन बाळसं धरलंय त्याने!" आजी उत्साहाने म्हणाली.

"आजोबांनी हात लावला का त्याला?"

आजीने घाईने फोन दुसरीकडे वळवला. पलीकडे नातीचे ओठ थरथरायला लागले. मग लेकीने फोन घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, आम्ही उद्या निघतोय. तोवर काहीतरी करा. तो गेला ना, तर ही तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

आजोबांनी जेवणाच्या डब्याला भोकं पाडली, आत ओला रुमाल घातला आणि हवालदाराला घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला. बाकावर एक कुत्रा, दोन मांजरं आणि त्यांचे मालक होते. डब्यात काय आहे हे कळल्यावर बाकावर आजोबांना ऐसपैस जागा मिळाली.

डॉक्टरने त्यांना पाहिलं आणि तो खुर्चीवरून उठलाच. "मामा! तुम्ही?" तो त्यांच्याच शाळेत शिकलेला निघाला. प्रयोगशाळेतल्या माणसाला सगळी पोरं मामाच म्हणत. "बापरे, तुम्ही आणि डब्यात बेडूक! मला एकदम परीक्षाच आठवली."

"हा जिवंत ठेवायचाय," आजोबा म्हणाले.

"हो का?" डॉक्टर म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

त्याने हवालदाराला ट्रेमध्ये ठेवलं आणि पोट बघायला हलकेच उताणं केलं. हवालदाराने चारही पाय पसरले. दोघांच्याही नजरा टाचण्या शोधत होत्या, आणि हे दोघांनाही एकदमच कळलं. डॉक्टरने घाईघाईने त्याला सुलटा केला.

"खरं सांगू का मामा? कुत्री-मांजरं माझ्या हातची आहेत. बेडूक मी शेवटचा पाहिला तो तुमच्या टेबलावर."

तरी पोरगा गुणी. त्याने प्राणिसंग्रहालयातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंचा आवाज करडा होता. खाणं बंद कधी झालं, कातडी लाल आहे का, पाय ओढतोय का, असं सगळं विचारून शेवटी त्या म्हणाल्या, "पाणी कुठलं घालता?"

"डिस्टिल्ड," आजोबांनी छाती काढून सांगितलं.

"अहो, त्याला मारायचंय का तुम्हाला?"

हा प्रश्न आजोबांना आजवर कुणी इतक्या रागाने विचारला नव्हता.

"बेडूक कातडीतून पाणी पितो," बाई म्हणाल्या. "पाण्यात क्षारच नसतील तर ते आत शिरतच राहतं. फुगणार नाही तर काय? पुढे साधं नळाचं द्या, दिवसभर उघडं ठेवलेलं. साबणाचा हात लावू नका. पण आत्ता त्याच्या अंगातलं पाणी बाहेर काढायला बेडकासाठीचं क्षारांचं पाणी लागेल, नेहमीपेक्षा जरा कडक. ते एवढ्या घाईत तुम्हाला कोण करून देणार?"

डॉक्टरने आजोबांकडे पाहिलं. आजोबा जमिनीकडे बघत होते.

"मामा," डॉक्टर हळूच म्हणाला, "ते बशीतलं पाणी... तेच ना?"

"तेच," आजोबा म्हणाले. "मी करतो."

क्षार आणले, घरी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुसून घेतला आणि आजोबांनी पाणी तयार केलं. ते करताना त्यांना काही आठवावं लागलं नाही, आणि याचंच त्यांना वाईट वाटत होतं. बाई फोनवर सांगत गेल्या तसं हवालदाराला त्यात बसवायचं, काढायचं, पुन्हा बसवायचं. आजीने चहा आणून ठेवला आणि तो तसाच गार झाला. आजोबा हवालदाराच्या गळ्याची हालचाल बघत होते. गळा थांबला की यांचाही श्वास थांबे.

दुसऱ्या दिवशी नात चपलांसकट आत धावली. हवालदाराची फूग उतरली होती. तो अगदी हिरवा नव्हता, पण तोंडावर लाच नाकारल्याचा भाव परत आला होता. तिने समोर रातकिडा धरला. त्याने जरा विचार केला आणि मटकावला.

आजोबांनी डोळे पुसले. ते लपवायला पाठ फिरवणार, तेवढ्यात नातीचं लक्ष पेटीशेजारच्या बाटलीकडे गेलं.

"हे काय?"

"त्याचं औषध. क्षारांचं पाणी. मी केलं."

"तुम्हाला कसं येतं?"

"अगं, आजोबा शाळेत बेडकांचे डॉक्टर होते ना!" आजी लगबगीने म्हणाली आणि आजोबांना डोळ्याने खुणावू लागली.

नात आजोबांकडे बघत राहिली. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. आजोबांना ती हलवता आली नाही.

"नाही गं," ते म्हणाले. "आम्ही बेडकाचं काळीज बाहेर काढायचो आणि या पाण्यात ठेवायचो. मग ते एकटंच बशीत धडधडत राहायचं. पोरं बघायला गोळा व्हायची."

आजीने कपाळावर हात मारून घेतला.

"आणि बेडूक?" नातीने विचारलं.

"तो गेलेला असायचा."

नात पेटीकडे वळली. हवालदाराचा गळा वरखाली होत होता. आजोबा स्टूल सरकवून जायला निघाले.

"उद्यापासून पाणी आजोबा बदलतील," नात म्हणाली. "खायलाही तेच देतील. आजीने फक्त लांबून बघायचं."

"अगं बाई! मी काय केलं?"

"तू खोटं बोललीस. फोनवर पण आणि आत्ता पण."

मग तिने हवालदाराला अलगद उचललं आणि आजोबांपुढे धरलं. आजोबांनी हात पुढे केले, तर तिने बेडूक मागे घेतला.

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली. "साबण लावू नका."