साडेचारशे उजवे हात

माझं लग्न ठरलं! मुलगी निंबानानांची धाकटी, दिपमाला.

आता वरची दोन वाक्यं तुम्ही वाचलीच नाहीत असं धरा. मीही ती लिहिलेली नाहीत. यावल तालुक्यात कुणी विचारलंच तर सांगा, पियुष शेतात ठिबकच्या नळ्या बसवतो, बाकी त्याच्या आयुष्यात विशेष काही बसलेलं नाही.

तर मुद्द्यावर येतो.

टीव्हीवर दर रविवारी संध्याकाळी सात वाजता ‘जोडी धर, ठेका धर’ नावाची स्पर्धा लागते. त्यात नवरा-बायको नाचतात, परीक्षक रडतात आणि मध्ये फरशी पुसायच्या औषधाच्या जाहिराती लागतात. बहुधा परीक्षकांच्या खुर्चीखालची फरशी. या स्पर्धेत नानांची थोरली लेक कामिनी आणि जावई भूपेंद्र शेवटच्या पाच जोड्यांत पोचले होते. कामिनी खरंच चांगली नाचते. भूपेंद्र मात्र विहिरीत पडलेला माणूस दोर शोधतो तसा नाचतो. पण मुंबईत त्याला ‘वेगळी शैली’ म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

शेवटच्या पाचांत आलं की टीव्हीवाले घरी येऊन चित्रीकरण करतात. ते आले. त्यांची मुख्य बाई नानांचा दुमजली बंगला, दोन ट्रॅक्टर आणि देवघरातला एसी बघून हिरमुसली.

“काका, यात संघर्ष कुठे आहे?”

“वरच्या मजल्यावर असंल,” नाना म्हणाले. “थांबा, घरात विचारून सांगतो.”

इथे मी पुढे झालो. कारण दिपमालाशी माझं दोन वर्षांपासून बोलणं होतं. म्हणजे मी बोलायचो. ती जळगावच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. नानांवर छाप पाडायची ही संधी होती. मी म्हटलं, “मॅडम, संघर्षाची सोय करतो!” आणि सगळ्यांना गोठ्यात नेलं. नानांना फाटका बनियन घालायला लावला, म्हशीशेजारी बसवलं आणि आभाळाकडे बघायला सांगितलं. नाना बिचारे ड्रोन बघत होते. टीव्हीवर त्याला मागून व्हायोलिन लावलं.

सोमवारी सकाळी चाळीसगावहून नानांच्या आत्या इंदिराबाईंचा फोन आला. “निंबा, इतकी वाईट वेळ आली आणि आम्हाला कळवलं नाहीस?” दुपारी त्यांनी पाठवलेली दोन पोती गहू आणि जुन्या साड्यांचं एक गाठोडं येऊन पडलं. मंगळवारी पतसंस्थेच्या संचालकांनी नानांना चहा पाजला आणि बिस्किटाचा पुडाही नानांच्या खिशात घातला. बुधवारी तर कळस झाला! दिपमालासाठी दीपनगरच्या वीज केंद्रातल्या इंजिनिअरचं स्थळ चालू होतं. त्यांनी कळवलं, “आम्हाला वाटलं होतं घर बरं आहे.”

नानांनी मला बोलावलं. आवाज शांत होता. नाना शांत असले की म्हैससुद्धा दूध चोरत नाही.

“तुह्यामुळे स्थळ गेलं.”

“नाना, त्या जागी मी आहे ना!”

हे मी बोललो. शुद्धीत. नानांनी माझ्याकडे डाग पडलेल्या केळीच्या घडाकडे व्यापारी बघतो तसं बघितलं. मग म्हणाले, “माही इज्जत तू घालवली, तूच आण. रविवारी लोकांच्या मतांवर एक जोडी बाहेर पडणार हाये. कामिनी वाचली तर सोमवारी सुपारी फोडू. नाही वाचली तर या बांधावर दिसायचं नाही. कबूल?”

“कबूल! नाना, मी थेंब थेंब पाणी चार हजार झाडांना पोचवतो. मतं काय चीज आहे!”

मी लगेच दिपमालाला मेसेज केला : आपलं ठरलं, रविवारी जोडी वाचली की झालं. तिचं उत्तर आलं : ‘नाच बघून सांगते.’ मला त्यात होकार दिसला. मला रेल्वेच्या वेळापत्रकातही होकार दिसला असता.

योजना साधी होती. नानांच्या केळीच्या मळ्यात पडदा लावायचा, गावाला भरीत-पुरीची पार्टी द्यायची. भरीत म्हटलं की आमच्याकडे माणूस दवाखान्यातून सुट्टी घेऊन येतो. साडेचारशे माणसं जमतील. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये कार्यक्रमाचं अॅप मी आधीच टाकून ठेवलं. सगळ्या जोड्या नाचून झाल्या की सव्वाआठला पंधरा मिनिटं मतदान. एक मोबाईल, एक मत. मतदान आधी, जेवण नंतर! हे मी तीन वेळा स्पीकरवरून सांगितलं.

सगळं जमलं होतं. मग धुळ्याकडून व्याही आले.

कामिनीचे सासरे लोटन आबा. पांढरी टोपी, पांढरी मिशी, दोन गाड्या भरून भाऊबंद. आता इथे एक नाजूक बाब समजून घ्या. सून नाचते हे सासऱ्याला ठाऊक असणं बरं दिसत नाही. त्यामुळे गेले तीन महिने आबांच्या लेखी मुलगा-सून मुंबईला ‘कामानिमित्त’ गेलेले होते. सगळ्या महाराष्ट्राने सून नाचताना बघितली, आबांना अधिकृतरीत्या कल्पना नव्हती. आजही ते भरीत खायला आले होते. पडदा दिसताच त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि केळीच्या झाडांकडे तोंड करून बसले.

“पडदावर काय शे, भो?” त्यांनी मला विचारलं.

“बातम्या आहेत, आबा.”

“चांगलं शे,” म्हणाले. “देश कसा चाली ऱ्हायना ते समजाले पाहिजे.”

व्याही कधी जेवायला मागत नाही. आबांनी फक्त विचारलं, “वांगं कथानं शे?” मी सांगितलं, बामणोदचं. पाच मिनिटांनी पुन्हा, “वांगं कथानं म्हन्ना तू?” तिसऱ्यांदा विचारल्यावर नानांचा चेहरा पडला.

“पंगत बसव,” नाना कानात म्हणाले.

“नाना, मतदान!”

“व्याही उपाशी बसला तर मत घेऊन काय चाटू? आत्ताशी साडेसात वाजू राह्यले. आठपर्यंत उठतील सारे.”

आठपर्यंत! भरीताच्या पंगतीतून वेळेवर उठलेला माणूस अजून जळगाव जिल्ह्यात जन्मायचा आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, आणि वर तेल! बोटं बुडतील इतकं तेल. साडेचारशे माणसं रांगेने मांडी घालून बसली. आबा पडद्याकडे पाठ करून सर्वांत पुढे.

पडद्यावर निवेदिका किंचाळली, “आणि आता येत आहेत, खान्देशची शान, कामिनी आणि भूपेंद्र!”

पंगतीच्या माना वर. घास हातात.

“कोन म्हन्ना?” आबा.

“दुसरी कामिनी आहे, आबा,” मी.

“आनि भूपेंद्र?”

“तोही दुसराच.”

“बातम्यासमा?”

“हो. दोघांना पकडलंय.”

आबांनी मान हलवली आणि खिशातून मोबाईल काढून ताटापुढच्या तांब्याला टेकवून उभा केला. त्यावर त्यांचीच मिशी दिसत होती. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, मिशीला भरीत लागलंय का बघत असेल.

कामिनी काय नाचली! भूपेंद्रने या वेळी दोर जवळजवळ पकडला होता. एक परीक्षक रडला, दुसरा त्याला धरून रडला, तिसऱ्याला जाहिरातीनंतर रडायचं होतं. आबांच्या सौ. वच्छलाबाई बायकांच्या रांगेतून पुटपुटल्या, “पदर तरी लेती डोकावर!” आणि डोळे पुसून पुन्हा एकटक बघू लागल्या.

सव्वाआठ वाजले. पडद्यावर मोठं घड्याळ आलं. पंधरा मिनिटं!

“मतदान सुरू!” मी स्पीकरवर ओरडलो. “मोबाईल काढा!”

साडेचारशे माणसांनी मोबाईल काढले आणि भरीताच्या बोटांनी दाबले. काही होईना! काचेवर तेल पसरलं. कुणाचा मोबाईल फोटो काढू लागला, कुणाचा गाणी वाजवू लागला. पितांबर काकांचा फोन थेट त्यांच्या सासुरवाडीला लागला. सात वर्षांचा अबोला त्या संध्याकाळी मिटला, ते एक चांगलं झालं.

मला एकदम सुचलं. “अहो, डावा हात वापरा! डावा कोरडा आहे!”

लोकांनी डावे हात उचलले. तेवढ्यात नाना ताटावरून गरजले, “खबरदार! माह्या लेकीला डाव्या हातानं मत? भीक घालू राह्यले का?”

साडेचारशे डावे हात खाली गेले. बरोबरच आहे. आमच्याकडे डाव्या हाताने कुणी कुणाला काडेपेटीसुद्धा देत नाही. लेकीला मत देणार?

“मग हात धुवा पटकन!” मी.

“व्याही उठल्याशिवाय?” नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बसलो.

तर आता सगळी मदार आबांवर. मी त्यांच्यापुढे जाऊन उकिडवा बसलो. दहा मिनिटं उरली होती.

“आबा, झालं का जेवण?”

“माले काय घाई नही शे. आखो वाढ.”

“आबा, थोडी गडबड आहे…”

“कसानी गडबड?”

काय सांगू? तुमच्या सुनेच्या नाचाला मत द्यायचंय? तीन महिने जिल्हाभर जपलेलं गुपित मी फोडू? मी नानांकडे बघितलं. नानांनी आभाळाकडे बघितलं. या वेळी ड्रोन नव्हता.

“काही नाही आबा,” मी म्हटलं. “गरम पुरी आणू?”

“दोन आन.”

आबांनी त्या दोन पुऱ्या जशा खाल्ल्या तशा मी आजवर कुणाला खाताना बघितलेलं नाही. एकेक घास, मग मोबाईलमधल्या मिशीकडे टक लावून बघणं, मग पुढचा घास. घड्याळात चार मिनिटं उरली तेव्हा आबा उठले. मागोमाग साडेचारशे माणसं उठली आणि मळ्यातल्या एकुलत्या एका नळावर तुटून पडली! नळाची तोटी निघून हातात आली. ती कुणाच्या हातात आली ते अजून कळलेलं नाही.

इथे माझी विद्या कामाला आली. “घाबरू नका!” मी धावत जाऊन ठिबकचा मुख्य व्हॉल्व्ह उघडला. “एकेक झाड धरा! प्रत्येकाला पाणी मिळेल!”

मिळालंही. माझं फिटिंग आहे, एकही छिद्र बुजलेलं नव्हतं. साडेचारशे माणसं केळीच्या बुंध्याशी वाकून हात पुढे करून बसली आणि दर दोन सेकंदांना प्रत्येकाच्या तळहातावर एक थेंब पडू लागला. टप. टप. तेलावरून घरंगळून खाली. पीक मात्र खूश होतं.

घड्याळ शून्यावर आलं. तिसरा परीक्षक रडला. कामिनी-भूपेंद्र बाहेर पडले, दोनशे चौदा मतांनी.

मळ्यात लोक मनगटाने डोळे पुसू लागले. खाली टप टप.

आबा धोतराला हात पुसत आले. “काय व्हयनं? बठ्ठा लोके रडी काब ऱ्हायनात?”

नानांचा बांध फुटला. “आबा, काय लपवू आता! कामिनी टीव्हीवर नाचत होती. मतं पडली नाहीत. हारली.”

“माले ठाऊक शे ना!” आबांनी मोबाईल पुढे केला. पुढचा कॅमेरा चालू होता. त्यात त्यांची मिशी आणि मिशीच्या वर, खांद्यामागे, अख्खा पडदा. “सुनबाईना नाच मी यामाच देखी ऱ्हायंतू. म्हनीसन तर हळू जेवी ऱ्हायंतू! उठनू असतू तर पडदाकडे तोंड कराले लागतं. मत देवानं शे, असं कोनी सांगं का माले? सांगं असतं तर मी कवयच उठनू असतू!”

नाना माझ्याकडे वळले. “तू का नाही सांगितलं?”

मी! म्हणजे मी!

एकच आशा उरली होती. दिपमाला. ती बायकांच्या रांगेत शेवटी उभी होती, हात कोरडे. लॅबमध्ये काम करते. जेवताना चमचा वापरते.

“दिपमाला, तू तरी मत दिलंस ना?”

“दिलं. पहिल्याच मिनिटाला.”

“बघा नाना! एक तरी…”

“नाशिकच्या जोडीला,” ती म्हणाली. “ते जास्त चांगले नाचले. ताईलाही तसंच वाटतं, आत्ताच तिचा फोन होता. तिचा घोटा दुखतोय.”

“आणि आपलं?”

“म्हटलं होतं ना, नाच बघून सांगते.”

“बघितलास ना आता!”

“त्यांचा बघितला. तुझा आज बघितला,” असं म्हणून तिने गळणाऱ्या ठिबककडे बोट केलं. “विचार करते. नाना काय म्हणतात ते आधी बघ.”

नाना काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही. सारांश असा की बांधावर दिसायचं नाही. आता व्हॉल्व्ह त्याच बांधावर आहे आणि तो बंद करायचा राहिलाय, पण तो नानांचा प्रश्न. माझा प्रश्न मी लेखी मांडला आहे. नोंदणीकृत टपालाने काल पाठवला. नक्कल देतो :

प्रति, मा. निर्माते, ‘जोडी धर, ठेका धर’, मुंबई.

विषय : जेवणात गुंतलेली मते ग्राह्य धरणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, दि. रविवार रोजी सव्वाआठ ते साडेआठ या वेळेत आमच्या गावातील चारशे पन्नास मतदारांचे उजवे हात भरीतात होते व डावे हात देणे शोभत नव्हते. मतदारांचा मनोदय स्पष्ट होता, केवळ बोटे स्पष्ट नव्हती. सबब सदर चारशे पन्नास मते मागील तारखेने जमा करून जोडीस परत घ्यावे. यापुढे मतदानाची वेळ व्याही उठल्यानंतर अर्धा तास अशी निश्चित करावी. तेही नियमात बसत नसल्यास, निदान ‘अर्जदार मुलगा कष्टाळू असून घरचा बरा आहे’ एवढे श्री. निंबा नाना यांचे नावे आपल्या शिक्क्यानिशी लिहून द्यावे, व त्यावर तिन्ही परीक्षकांनी रडून सही करावी, ही नम्र विनंती.