एकाच भुलीत दोन्ही

"सहा महिन्यांत वजन उतरवून दाखवतो, आणि तेही निव्वळ मनाच्या निश्चयावर!" असं सरांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात भर सकाळी जाहीर केलं, तेव्हा तिथे स्कूलचे मालक होते, लायसन्सच्या आशेवर जगणारे चार-पाच विद्यार्थी होते, आणि दुर्दैवाने सरांची थोरली बहीणही होती.

"ब्रेक कधी दाबायचा हे ज्याला कळतं," सर पुढे म्हणाले, "त्याला तोंड कधी मिटायचं हे शिकवावं लागत नाही."

"तुझ्याच्यानं होणार नाही," ताई म्हणाल्या.

ताई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांचा शेरा एकदा पडला की तो खोडायची सोय नसे.

सरांचा आकार हा तोवर स्कूलच्या अभ्यासक्रमाचाच भाग झालेला होता. ते शेजारी बसले की छोटी गाडी त्यांच्या अंगाला कलायची, आणि विद्यार्थी नकळत स्टीअरिंग उलट्या बाजूला ओढून धरायला शिकायचे. पुढे परीक्षेच्या दिवशी सडपातळ इन्स्पेक्टर शेजारी येऊन बसला की तेच विद्यार्थी गाडी सरळ दुभाजकावर घालायचे. मालकांनी हे दोनदा बोलून दाखवलं होतं.

निश्चयाच्या तिसऱ्या महिन्यात सरांचं वजन वाढलं. त्याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी सरांच्या पत्नी गेल्या. तेव्हापासून सर स्वतः रांधत, पण हात माप दोघांचंच घेई, आणि केलेलं टाकवत नसे. रोज संध्याकाळी ताईंचा फोन यायचा, "जेवलास का?" सर खरं तेच सांगायचे, "जेवलो." कितीजणांचं, हे ताईंनी कधी विचारलं नाही.

मग एके दिवशी त्यांच्या पोटात अशी कळ आली की ते शिकवणी चालू असताना दरवाजा उघडून रस्त्यावर उतरले. गाडी तेव्हा चालू होती. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं. सर्जन शब्द मोजून वापरणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी रिपोर्ट पाहिला, मग साखरेचे आकडे पाहिले, गुडघ्यांचे फोटो पाहिले, आणि शेवटी सरांना आडवं-उभं पाहिलं.

"पित्ताशय काढावं लागेल. आणि जठरही लहान करून घ्या. वजनासाठी. एकाच भुलीत दोन्ही."

सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"म्हणजे लोकांना एकच सांगितलं तर चालेल?" ते म्हणाले.

"लोकांना काय सांगायचं हे माझ्या खात्यात येत नाही," सर्जन म्हणाले.

परतताना लेकीने विरोध करून पाहिला. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि वडिलांचे निर्णय तिला नेहमी गाडीत कळायचे.

"बाबा, निदान आत्याला तरी खरं सांगा."

"पित्ताशय हे इज्जतदार दुखणं आहे. त्यात माणसाची चूक दिसत नाही. जठराचं सांगितलं की तिचा शेरा खरा ठरतो. तू फक्त म्हणायचं, पित्ताशय."

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. ताईंना फोन गेला तो दुसऱ्या दिवशी. "छोटंसंच होतं, म्हणून कळवलं नाही." दुपारी ताई तीन मजली डबा घेऊन हजर! पित्ताशयाच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी हलकं खायला देतात, हे त्या तीन ठिकाणी विचारून आल्या होत्या. सरांना तेव्हा फक्त चमच्याने पाणी होतं, तेही घोट घोट, रडक्या मुलाला औषध पाजावं तसं.

"जेव," ताई म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

सरांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने पहिला मजला संपवला. ताई नर्सशी बोलायला गेल्या, तेव्हा दुसरा. तिसऱ्यासाठी ताईंना खाली औषधाच्या दुकानात धाडावं लागलं. चार दिवस हेच चाललं.

"बाबा, कापलं तुमचं आणि सुटतंय माझं," ती म्हणाली.

पुढे वजन उतरू लागलं, आणि इथेच घोटाळा झाला. सरांची योजना होती की श्रेय निश्चयाला द्यायचं. पण दवाखान्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. निश्चयाने तीन महिन्यांत काय केलं हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे लोकांनी सरळ हिशेब केला. पित्ताशय काढलं, माणूस वाळला!

"एवढीशी पिशवी," मालक हाताने लिंबाएवढा आकार दाखवत म्हणाले, "पण वजन बघा किती धरून ठेवते!"

"तसं नेमकं नाही..." सर म्हणाले.

"मग कसं?"

"तसंच," सर म्हणाले.

सर दिवसभर एका बंद गाडीत नवनव्या माणसांशेजारी बसतात. अशा माणसाची बातमी वर्तमानपत्राच्या आधी पोचते. महिन्याभरात सर्जनच्या दारात ठणठणीत पित्ताशयांची रांग लागली. शेवटी सर्जनांनी सरांना फोन केला.

"पेशंटची माहिती मी बाहेर देत नाही. पण तुम्ही बाहेर काय देताय?"

"लोकांचा गैरसमज झालाय," सर म्हणाले.

"आज सात गैरसमज येऊन गेले," सर्जन म्हणाले, आणि फोन ठेवला.

तरीही सर गप्पच राहिले असते. पण एका सकाळी लेकीचा फोन आला.

"आत्याचं पोट दुखतंय."

"अरे बापरे. कुठे?"

"आधी डावीकडे दुखत होतं. पित्ताशय उजवीकडे असतं असं मी म्हटल्यावर उजवीकडे दुखायला लागलं. उद्याची वेळ घेतलीय तिने, तुमच्याच सर्जनची. हा डॉक्टर नाही म्हणाला तर दुसरा गाठीन म्हणते, कुणीतरी काढेलच. बाबा, तिला हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. या वयात उगाच भूल घ्यायची म्हणजे काय, कळतंय ना? तुम्ही सांगता, की मी सांगू?"

सरांनी समोरची वाटी बाजूला सारली. अर्धी वाटी हे आता त्यांचं पूर्ण जेवण होतं.

"मीच सांगतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताईंना दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्याच वेळेला कॅशियरबाईंची शिकवणी होती. या बाई बँकेत बिनचूक नोटा मोजायच्या, पण गिअर मोजताना त्यांची चूक व्हायची. तिसऱ्यांदा परीक्षेला बसत होत्या. सरांनी विचार केला, एका फेरीत दोन्ही कामं होतील. अशा विचारांनीच ते इथवर आले होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाई स्टीअरिंगवर, सर शेजारी, ताई मागे.

"ताई, तुला एक सांगायचं होतं. ते माझं ऑपरेशन... क्लच! क्लच दाबा!"

"मला कुठे आहे क्लच?" ताई म्हणाल्या.

"तुला नाही गं. पित्ताशय काढलं हे खरं. पण त्याच्याबरोबर... हळू, सायकलवाला आहे! त्याच्याबरोबर जठरही कापलं."

"सायकलवाल्याचं?"

"माझं! वजन त्याने उतरलं."

गाडीने एक आचका दिला आणि चौकाच्या ऐन मध्यावर बंद पडली. कॅशियरबाई स्टीअरिंग सोडून पूर्ण वळल्या.

"सर, म्हणजे पित्ताशयाने नाही उतरत? मी मंगळवारची वेळ घेतलीय!"

"ती रद्द करा. आधी गाडी सुरू करा."

"थांबा," ताई म्हणाल्या. मागून हॉर्न सुरू झाले होते. "ऑपरेशनच्या वेळी बाहेर कोण बसलं होतं?"

"लेक."

"एकटी?"

"हो."

"आणि तुला आत काही झालं असतं तर त्या पोरीने मला काय सांगायचं होतं? पित्ताशयाने गेला? आणि मी जन्मभर चारचौघांत तेच सांगत बसले असते!"

सरांनी मागे वळायला सीटबेल्ट सोडला.

"तुझ्या बायकोच्या वेळी बाहेर मी बसले होते," ताई म्हणाल्या. "तेव्हा चालले मी."

तेवढ्यात ट्रॅफिक हवालदाराने काचेवर टकटक केली. "गाडी काढा, गाडी काढा!"

"जरा थांबा, घरचं बोलणं चाललंय!" ताई म्हणाल्या. आवाज शाळेचा होता. हवालदार मागे सरकला आणि निमूटपणे बाकीची वाहनं बाजूने सोडू लागला.

"तू म्हणाली होतीस, तुझ्याच्यानं होणार नाही," सर खाली बघत म्हणाले. "म्हणून सांगवलं नाही."

"मग झालं का तुझ्याच्यानं?"

"नाही."

"झालं असतं तरी मी काय करणार होते? मला तू जागेवर हवा आहेस. जाड का होईना." ताईंनी रुमालाने नाक पुसलं. "बाई, पहिला गिअर टाका."

"आता घरीच जाऊ ना?" सर म्हणाले.

"घेतलेली वेळ मी चुकवत नाही."

सर्जनांनी ताईंची सोनोग्राफी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, मग टेबलावर ठेवली.

"स्वच्छ आहे. खडा नाही, सूज नाही. दुखतं नक्की कुठे?"

ताईंनी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सरांकडे बोट केलं.

"इथे."

सर्जनांनी सरांकडे पाहिलं.

"ते आम्ही काढत नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.