कुंदाताई काही विसरत नाहीत

आमच्या चारकोपच्या सोसायटीत "मी असं म्हणालोच नव्हतो" हे वाक्य लोक कुंदाताई परब आसपास नसतील तेव्हाच बोलतात. एकदा सेक्रेटरींनी भर मीटिंगमध्ये ते धाडस केलं. गणपतीआधी पाण्याची टाकी साफ करून घेईन असं आपण कुणाला सांगितलंच नव्हतं, म्हणाले. कुंदाताई शांतपणे उभ्या राहिल्या. "सांगितलंत. जिन्यात. हातात वडापाव होता आणि टी-शर्ट उलटा घातला होतात." टाकी त्याच आठवड्यात साफ झाली.

"माझ्या सगळं लक्षात आहे हां," हे त्यांचं पालुपद. दुसऱ्या कोणी म्हटलं तर धमकी वाटेल, कुंदाताई मात्र नुसती माहिती देत असतात. वरच्या मजल्यावरचं जोडपं भांडलं की आधी कोण काय बोललं हे विचारायला त्यांच्याकडेच येतं, कारण आमच्या भिंती पातळ आहेत. त्या निकाल देतात, मग दोघं मिळून त्यांच्यावर चिडतात आणि भांडण मिटतं.

पेशाने त्या नर्स. डॉक्टरांनी फाईल उघडायच्या आत कुठल्या पेशंटला कधी काय दिलं ते सांगून मोकळ्या होतात. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईला सांभाळलं, आता पन्नाशीला टेकल्या आहेत आणि एकट्याच असतात.

दुसरं वेड खोटं न बोलण्याचं. विमा विकणाऱ्याचा फोन आला की आपण सगळे लगेच मीटिंगमध्ये असतो. कुंदाताई म्हणतात, "घरीच आहे, रिकामीच आहे, पण तुमच्याशी बोलायचं नाही." मला हे आजवर जमलेलं नाही. म्हणून मला या बाईचं फार कौतुक वाटतं.

तर अशा कुंदाताईंनी एक दिवस आयर्लंडला जायचं ठरवलं. तिथल्या एका हॉस्पिटलची मुलाखत त्या पास झाल्या होत्या, राहिली होती फक्त इंग्रजी बोलण्याची परीक्षा. नापास झाल्या तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. मी घरी मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते, म्हणून त्या सरावाला माझ्याकडे आल्या. या वयात एवढ्या लांब कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, पगार चांगला आहे. ते खरंच होतं, पण पुरतं खरं नव्हतं. त्याच गावात त्यांची धाकटी बहीण नंदा राहते, तीही नर्स. तिचा नवरा गेल्याचं एका मावसभावाकडून कळलं आणि दुसऱ्याच दिवशी यांनी अर्ज भरला.

नंदाशी त्या कैक वर्षं बोलत नव्हत्या. आईच्या बाराव्याला नंदा आयर्लंडहून आली. स्वयंपाकघरात वडे तळले जात होते, काळ्या वाटाण्यांची उसळ शिजत होती, आणि फिकट निळ्या ड्रेसमधली नंदा दारात उभी राहून सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, "एवढी वर्षं नर्स आहेस, आणि घरातल्या आईचा आजार तुला कळला नाही." हे सगळं कुंदाताईंनी मला इतक्या वेळा सांगितलंय की तो ड्रेस मीच पाहिल्यासारखा वाटतो. विसरा आता, असं मी एकदा म्हटलं, तर मालवणीवर आल्या. "माका विसराक जमणा नाय गो."

सराव मात्र झकास चालला होता. परीक्षेत एक कार्ड देतात, मिनिटभर विचार करू देतात, मग त्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं. प्रवासाचं कार्ड दिलं, तर मालवणला निघालेल्या कुंदाताई दोन मिनिटं संपली तरी पनवेलच्या पुढे सरकल्या नव्हत्या. शेजाऱ्याचं कार्ड दिलं, तर सेक्रेटरींची इंग्रजीतही धडगत राहिली नाही.

मग मी सहज ते कार्ड पुढे केलं: तुम्ही एखादी महत्त्वाची गोष्ट विसरलात, तो प्रसंग सांगा.

कुंदाताई छताकडे बघून म्हणाल्या, "नाहीये असं काही." मी म्हटलं, मग बनवा ना, रिक्षात छत्री विसरले म्हणून सांगा, तिथे कोण शोधायला येणार आहे? त्यांनी मनापासून प्रयत्न केला. "वन डे आय फरगॉट माय अंब्रेला," इथवर आल्या, थांबल्या आणि समोर नसलेल्या परीक्षकाला म्हणाल्या, "सॉरी सर. आय डिड नॉट."

चष्मा विसरा, किल्ली विसरा, दूध उतू घालवा, मी सगळं सुचवून बघितलं. एकही गोष्ट तोंडातून निघेना. शेवटी ते कार्ड येऊ नये म्हणून मीच देवाला हात जोडले.

त्या पास झाल्या, हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण परीक्षेच्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अंधेरीहून कुंदाताई तडक माझ्याकडे आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. पाणी दिलं, ते तसंच हातात धरलं.

"तेच कार्ड आलं," म्हणाल्या.

वाट लागली, माझ्या मनात आलं. पण कुंदाताई दोन मिनिटं पुरी बोलल्या होत्या. बहिणीबद्दल बोलल्या. दोघी एका चादरीत झोपायच्या ते सांगितलं, एकाच हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या ते सांगितलं. मग सांगितलं, की आईच्या बाराव्याला ती मला काहीतरी लागेलसं बोलली आणि मी तिच्याशी बोलणं टाकलं. समोरच्या परीक्षक बाईने विचारलं, काय बोलली होती ती?

"मी म्हटलं, आय फरगॉट."

विमेवाल्याशीसुद्धा खोटं न बोलणारी ही बाई.

"कुंदाताई, मार्कांसाठी खोटं बोललात?"

"मार्कांचं तेव्हा डोक्यातच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "ती बाई नंदाच्याच वयाची होती. तिच्यासमोर ते वाक्य बोलवेना. नंदाची चहाडी केल्यासारखं वाटलं."

पदराने डोळे पुसले, ग्लास खाली ठेवला आणि एकदम नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "आता सांगून आलेय ना त्या बाईला, विसरले म्हणून. मग विसरायलाच पाहिजे. मी खोटं बोलत नाही."

मोबाईल काढून त्यांनी नंबर लावला. कुठेही बघितलं नाही, अंगठा आपोआप चालत होता. बराच वेळ रिंग वाजली. पलीकडून एक दबकं हॅलो आलं. मी उठून आत जायला निघाले, तर त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

"नंदा," कुंदाताई म्हणाल्या, "चाय घेतलंस काय गो?"