आत्याच्या खांद्यावर डावं चाक

रविवारी सकाळी मी देवासमोर बसले की पलीकडच्या सड्यावरून हाक येते, "आत्याच्या खांद्यावर डावं चाक ठेव. दाजींच्या जवळ जाऊ नको, पोट घासेल." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली उदबत्तीच खाली पडली होती. आता सवय झाली आहे.

हे आमचे शेजारी दत्तूअप्पा. त्यांच्या आणि माझ्या परसात एक गडगा, दगडावर दगड रचलेला, बोलायला सोयीचा. वाडीच्या डोक्यावर सडा, कातळाचं उघडं माळरान, आणि सड्याच्या उतारावर अप्पांची घाटी. घाटी म्हणजे नुसता काळा कातळ आणि त्यावर घरंगळत येऊन अडलेले धोंडे. तिथे शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते. अप्पा तिथून जीप वर नेतात. सावकाश हं, एकेक चाक एकेका धोंड्यावर ठेवत. कोणी घाई केलीच तर म्हणतात, "हमरस्ता खाली आहे, तिकडे जा."

पुण्या-कोल्हापूरची पोरं त्यासाठी दर रविवारी गाड्या घेऊन येतात. त्यांचं म्हणणं, अशा वाटा आता उरल्याच नाहीत. जिथे वाट होती तिथे डांबर पडलं, नाहीतर प्लॉट पडले. इथे मालक स्वतःच वेडा, म्हणून वाट शाबूत. अप्पा एक पैसा घेत नाहीत. अटी मात्र कडक. धोंडा हलवायचा नाही, फोडायचा नाही, ऑइल सांडायचं नाही, आणि निघण्याआधी गाऱ्हाण्याला उभं राहायचं. अप्पा नारळ ठेवतात नि म्हणतात, "बा राखणदारा, ही लेकरं चार चाकं घेऊन तुझ्या पायाशी आली आहेत. त्यांना अडकव, पण उलथवू नको." हेल्मेट घातलेली इंजिनीअर पोरं हात जोडून ओरडतात, "होय महाराजा." मी गडग्याआड तोंडाला पदर लावून हसून घेते.

आणि प्रत्येक धोंड्याला नातेवाइकाचं नाव, चुन्याने लिहिलेलं. शांताआत्याचा आधार घेतल्याशिवाय वर जाता येत नाही, आणि घेतला की गाडीच्या पोटातून असा काही आवाज निघतो की आत्याने ऐकवलंच म्हणून समजा. दाजी म्हणजे बहिणीचे यजमान, वाटेत पोट पुढे काढून बसलेले. सुमनवहिनी गुळगुळीत. "गोड बोलून घसरवते," इति अप्पा. आणि जगू, अप्पांचा डोंबिवलीचा चुलतभाऊ. लांबून भक्कम, चाक ठेवलं की डुगडुगतो.

मी एकदा विचारलं, "अप्पा, माझा दगड कुठला?"

"तुम्हाला कशाला दगड, बाई? तुम्ही इथेच आहात ना."

मला जरा रागच आला. वाडीच्या शाळेत जन्म काढला, निम्म्या वाडीचे कान पिळले, आणि माझ्या नावाचा एक धोंडा नाही म्हणजे काय?

मग मागच्या वर्षी मोजणी झाली. जगूला घाटीचा वरचा भाग चिरेखाणीला द्यायचा होता. तो भाग आपलाच अशी अप्पांची समजूत. मोजणीत निघाला जगूचा. हद्दीची रेघ बरोबर आत्याच्या मधून गेली. अप्पा मोजणीदाराला म्हणाले, "म्हणजे आत्या निम्मी माझी नि निम्मी जगूची?" त्या बिचाऱ्याला वाटलं घरात म्हातारीच्या सांभाळावरून भांडण आहे. तो म्हणाला, ते तुम्ही आपसात मिटवा.

जगू स्वतः आला, पांढरे बूट घालून. अप्पांनी त्याला घाटीवर नेलं, मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण असल्या वेळी मी थांबत नाही. एक पोरगा गाडी चढवत होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक कोण उभं आहे ते. तो वरून म्हणाला, "अप्पा, जगूचा काही भरवसा नाही हो. वजन टाकलं की हलतो."

जगूचं तोंड बघण्यासारखं झालं. अप्पा शांतपणे म्हणाले, "लहानपणापासून तसाच आहे."

तेवढ्यावरून जगू पेटला. म्हणाला, इतकं प्रेम असेल कातळावर, तर रस्त्यालगतची हापूसची कलमं मला दे आणि हे धोंडे घे. रागात बोलला तो, असं कोणी देत नसतं. अप्पांनी स्वतः खड्डे मारून लावलेली, डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली कलमं ती.

अप्पा म्हणाले, "घे."

रत्नागिरीला जाऊन अदलाबदलीचा दस्तसुद्धा करून आले. वाडीत नुसता गहजब. मी तर गडगा ओलांडूनच गेले. म्हटलं, अप्पा, डोकं ठिकाणावर आहे ना? ते चुना कालवत बसले होते. म्हणाले, खाण लागली असती तर आत्याचे चिरे झाले असते, आणि ते कोणाच्या तरी संडासाच्या भिंतीला गेले असते. आत्याला ते मुळीच चालायचं नाय.

मी हसले नाही. इतकी चिडले होते की त्याच सपाट्यात माझीही बातमी सांगून टाकली. माझा मुलगा पुण्याला बोलावतो आहे, खोली रंगवून ठेवली आहे, दिवाळी झाली की मी कायमची जाणार. अप्पा चुना ढवळत राहिले. "बरं झालं," म्हणाले, "तिकडे दवाखाना जवळ." आणि मला दोन नारळ दिले.

त्या रविवारी पोरांनी डुगडुगणाऱ्या जगूच्या बुडाला कपची ठोकायचं ठरवलं. एकदा पाचर बसली की तो हलायचा नाही. हातोडा उचललाही होता. अप्पांनी कधी आवाज चढवलेला ऐकला नव्हता, तेव्हा ऐकला.

"हात लावू नका त्याला. हलतो तर हलू दे. गेला नाय ना कुठे."

मी गडग्याशी उभी होते. धोंड्यांची नावं एकेक करून मोजली. आत्या मुंबईला वारली. दाजी आणि बहीण बडोद्याला. वहिनी लेकीकडे बंगळूरला, जगू डोंबिवलीला. घरात भिंतीला पाटांची रास उभी आणि जेवायला एकटे अप्पा. त्या घाटीत, जो गेला नाही अशा एकाचंही नाव नव्हतं.

पुढच्या रविवारी पूजा अर्धी झाली होती तोच हाक आली, "बाईंच्या उजव्या अंगाने घे. चुकलास तर परत खालपासून."

मी तशीच उठले. धापा टाकत घाटी चढले. नव्याने मिळालेल्या वरच्या भागात एक ताठ उभा धोंडा, आणि त्यावर ताज्या चुन्याने लिहिलं होतं: बाई. अक्षर चांगलं नव्हतंच, ते कधीच नव्हतं. अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्वभाव जुळला म्हणून."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते.

"पुसा ते. मी कुठे जात नाही."

"चुना आहे, बाई. पाऊस लागल्याशिवाय जायचा नाय."

"मग पाऊस लागेपर्यंत आहे मी. मुलाला काय सांगायचं ते माझं मी बघेन. आणि पावसानेही चुना गेला नाही, तर काथ्या घेऊन स्वतः घासायला येईन."

अप्पांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग गाडी अर्ध्यात धरून बसलेल्या पोराकडे वळले.

"बघतोस काय? वळसा घाल. बाईंना धक्का लागता कामा नये."